मूळ संख्या आणि सातबाऱ्यावरची सही



कळंब्याचे नाव काढले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक तलाव आणि दुसरा तुरुंग. आजचा आमचा विषय कुलुपाचा आहे, त्यामुळे तो तुरुंगाच्या अधिक जवळचा वाटेल. पण ज्या कुलुपाविषयी आम्ही बोलणार आहोत ते लोखंडाचे नाही; ते निव्वळ संख्यांचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात ते आज आहे, आणि ज्याच्या नावावर ह्या शिवारात तुकडाभर जमीन असेल त्याच्या सातबाऱ्यावरही आहे. गणिताचे नाव ऐकून मागच्या रांगेतील मंडळी चुळबूळ करू लागली आहेत, हे आम्हांस दिसते. त्यांना एवढेच आश्वासन देतो की शाळेतील गुणाकार, भागाकार आणि मसावि यांच्यापलीकडे आज काही लागणार नाही.

सातबाऱ्यापासूनच आरंभ करू. महसुली दप्तरात ह्या गावाचे नाव कळंबे तर्फ ठाणे. शहर अंगाशी आल्यापासून येथल्या शेतांचे प्लॉट झाले आणि एकेका गुंठ्याला मोल आले. गुंठ्याला मोल आले म्हणजे कागदावरचा आकडा बदलण्याचा मोहही आलाच. पूर्वी तलाठ्याची सही आणि त्याचा शिक्का हाच काय तो पुरावा. (तलाठ्यांना आता सरकारने ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे, लोक तलाठीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.) २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून शासनाने डिजिटल स्वाक्षरीचे उतारे देण्यास प्रारंभ केला. पंधरा रुपये भरावे आणि घरबसल्या उतारा घ्यावा. त्यावर शाईची सही नाही, रबरी शिक्का नाही. पुष्कळ वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. सहीवाचून कागद खरा कसा मानावयाचा? त्यांची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मूळ संख्यांत आहे.

कागद खरा कशावरून, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत. मराठेशाहीतील राजपत्रांची रीत अशी, की पत्राच्या मस्तकी शिक्का असे आणि मजकूर संपला की तेथेच मोर्तब उठवीत. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर येथे संपला. ह्याखाली कोणी ओळ वाढविली तर ती खोटी. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज एका दमात उच्चारतो, पण त्यात दोन वेगळी कामे आहेत. आणि दोन उणिवाही आहेत. मजकुराच्या मधल्याच एखाद्या आकड्यावर कोणी कलम फिरविले तर मोर्तब बिचारे मुके राहते. दुसरी उणीव अधिक खोल आहे. जो शिक्का पाहून ओळखता येतो, तो पाहून दुसरा कोरताही येतो. ओळखावा सर्वांनी, पण उठविता मात्र एकालाच यावा, असा शिक्का असू शकेल काय? ऐकताना ही मागणी वेडगळ वाटते. १९७० नंतरच्या दशकापर्यंत जगाला ती वेडगळच वाटत होती.

आता मूळ संख्यांकडे वळू. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणी निःशेष भागत नाही ती मूळ संख्या, हे आपण शाळेत शिकलो: २, ३, ५, ७, ११, १३ आणि पुढे. बाकीच्या सर्व संख्या ह्यांच्याच गुणाकारांनी बनतात, आणि प्रत्येक संख्या एकाच रीतीने बनते. आता कोणीतरी ८९ ला ९७ ने गुणावे. उत्तर ८६३३, अर्ध्या मिनिटाचे काम. उलट, ज्याला हे ठाऊक नाही अशा माणसाला आम्ही ८६३३ ही संख्या दिली आणि ती कोणत्या दोन मूळ संख्यांची बनली आहे असे विचारले, तर तो काय करील? २ ने भागून पाहील, ३ ने पाहील, ५ ने, ७ ने, असे करीत चोविसाव्या भागाकाराला त्याला ८९ सापडतील. जोंधळे दळून पीठ करणे सोपे. पिठाचे पुन्हा जोंधळे करणे कठीण. आमच्या कुलुपाचे सारे रहस्य ह्या एका अवघडपणात आहे.

पण अवघडपणाचे कुलूप कसे व्हावयाचे? त्यासाठी एक गंमत पाहावी लागेल. कोणताही एक आकडा घ्या, त्याला त्याच आकड्याने पुन्हा पुन्हा गुणा, आणि दर वेळी फक्त एकम् स्थानचा आकडा लक्षात ठेवा. दोनाचे होतात: २, ४, ८, ६ आणि पुन्हा २. तीनाचे: ३, ९, ७, १ आणि पुन्हा ३. साताचे: ७, ९, ३, १ आणि पुन्हा ७. चाराचे ४, ६, ४, ६, ४. आकडा कोणताही असो, पाचव्या पायरीला तो स्वतःच्या घरी परत येतो. असे का व्हावे? एकम् स्थानचा आकडा म्हणजे दहाने भागल्यावर राहिलेली बाकी. दहा म्हणजे २ गुणिले ५. दोहोंतून एक एक कमी केला तर १ आणि ४; त्यांचा गुणाकार ४. म्हणून चार पावलांची फेरी पुरी झाली की पाचव्या पायरीला पहिला आकडा पुन्हा उभा. एका मूळ संख्येपुरता हा नियम फ्रान्समधील फर्मा याने १६४० मध्ये एका पत्रात कळविला आणि पुढल्या शतकात ऑयलरने तो व्यापक केला. दोघांनाही त्याचा कवडीचा उपयोग ठाऊक नव्हता.

हीच रीत जरा मोठ्या संख्येवर लावू. ३ आणि ११ ह्या दोन मूळ संख्या, गुणाकार ३३. एक एक कमी केला तर २ आणि १०, गुणाकार २०. म्हणजे ३३ हून लहान अशा कोणत्याही संख्येचा एकविसावा घात करून त्याला ३३ ने भागले की बाकी म्हणून तीच संख्या परत येते. आणि २१ म्हणजे ३ गुणिले ७. घरी परतण्याच्या ह्या प्रवासाचे असे दोन टप्पे पाडता येतात: एक सातव्या घाताचा, दुसरा तिसऱ्या घाताचा. पहिला टप्पा एकाने चालावा, उरलेला दुसऱ्याने. येथेच ती वेडगळ मागणी पुरी होते.

समजा, तलाठ्याने ७ हा आकडा आपल्याजवळ गुप्त ठेवला, आणि ३३ व ३ हे दोन आकडे चावडीवर लिहून जाहीर केले. उताऱ्यात क्षेत्र आहे ४ गुंठे. तलाठी ४ चा सातवा घात करतो: १६३८४. त्याला ३३ ने भागतो, बाकी १६. हे १६ म्हणजे त्याची सही. उतारा हाती आलेल्या कोणीही ह्या १६ चा घन करावा: ४०९६. ३३ ने भागावे, बाकी ४. उताऱ्यातही ४ आहेत. म्हणजे कागद खरा. आता एखाद्या चतुर माणसाने ४ खोडून ५ केले. सही तीच, १६. घन करून भागले की बाकी येते ४ आणि कागद म्हणतो ५, चोरी उघड. त्याला जर ५ ची खरी सही करावयाची असेल तर ७ हा आकडा हवा. मग ती सही १४ येईल. १४ चा घन २७४४ आणि त्याला ३३ ने भागून बाकी ५, हा पडताळा ज्यांना हौस असेल त्यांनी करावा. जुन्या मोर्तबाची पहिली उणीव येथे भरून निघाली, कारण ही सही कागदाच्या कोपऱ्यात स्वतंत्र बसलेली नसून मजकुराच्या आकड्यातूनच घडलेली आहे. दुसरीही भरून निघाली, कारण ओळखावयास ३ लागतात आणि उठवावयास ७.

पण ७ शोधून काढता येणार नाही काय? येथे तर सहज येईल. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे पोरही सांगेल. त्यावरून २० आले. आणि ३ ला कितीने गुणावे म्हणजे २० ने भागल्यावर १ उरेल, एवढाच प्रश्न राहिला. उत्तर ७. ह्या शेवटच्या प्रश्नाचे नाव मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. हा कुट्टक. भास्कराचार्यांनी लीलावतीत तो सविस्तर दिला आहे आणि त्यांच्याही साडेसहाशे वर्षे आधी आर्यभटाने दिला होता. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला, आणि त्या मठाचा शिलालेख अजून तेथे आहे, तेच हे भास्कराचार्य. आजचा संगणक गुप्त किल्ली तयार करताना जी पायरी चालतो ती तत्त्वतः कुट्टकाचीच. आता एवढ्यावरून हे सर्व शास्त्र आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे कोणी म्हणू लागेल, तर आम्ही त्याला साथ देणार नाही. कुट्टक ग्रहगणितासाठी होता. त्याची थोरवी तेवढ्याने कमी होत नाही.

तर सारी भिस्त ३३ च्या जागी असलेली संख्या फोडता न येण्यावर आहे. खऱ्या व्यवहारात ती केवढी असते? आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञानाचा कायदा झाला आणि डिजिटल सहीला कायद्याचे बळ आले. ह्या सह्यांत रूढ असलेल्या किल्लीतील संख्या २०४८ बिटांची, म्हणजे आपल्या नेहमीच्या लेखनात ६१७ आकडी असते. भास्कराचार्यांनी एकं, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिली. ही संख्या पाटीवर मांडली तर परार्धाची रांग तिच्यापुढे चौतीस वेळा ठेवूनही पाच आकडे उरतात. ती प्रत्येकी तीनशे आठ-नऊ आकडी अशा दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने झालेली असते. आणि सहीसुद्धा एकट्या क्षेत्राच्या आकड्याची करीत नाहीत. सबंध उताऱ्याचा, नावे, गट क्रमांक, बोजे, पीकपाणी ह्यांसकट, ठरीव रीतीने एक संख्यारूप गोषवारा काढतात. तो सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर आकडी असतो आणि उताऱ्यातील एक काना बदलला तरी गोषवारा पार बदलतो. सही होते ती ह्या गोषवाऱ्याची.

ही झाली सही. हेच यंत्र उलट फिरविले की गुप्त पत्राचे कुलूप होते. पूर्वी गुप्त पत्र पाठवावयाचे तर पाठविणारा आणि घेणारा या दोघांनी आधी भेटून खूण ठरवावी लागे. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या बाईंना मोबाईलवरून वीस रुपये देताना आपण काही बँकेच्या मॅनेजरला आधी एकांतात भेटून आलेलो नसतो. बँक काय करते? उघडी कुलुपे बाजारात वाटते. कुलूप दाबून बंद करणे कोणालाही जमते. उघडण्याची किल्ली बँकेपाशी. वरच्याच संख्या घेतल्या तर ४ हा आकडा गुप्तपणे पाठविणारा त्याचा घन करील: ६४, ३३ ने भागून बाकी ३१. वाटेत कोणी ३१ वाचले तरी वाचो. बँक ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागील आणि बाकी ४ उरेल. खरे तर सबंध संभाषण असे चालत नाही, कारण हे गणित वेळखाऊ आहे. प्रारंभी एकमेकांची ओळख पटविणे आणि त्या वेळेपुरती एक किल्ली ठरविणे एवढेच काम ह्या जातीच्या गणिताकडे असते. पुढचे बोलणे त्या किल्लीने, दुसऱ्या झटपट रीतीने बंद होते. अलीकडे ह्या आरंभाच्या कामासाठी वक्ररेषांच्या गणितावरील पद्धतीही पुष्कळ वापरतात. त्यांतही भागावयाची संख्या बहुधा एखादी मोठी मूळ संख्याच असते.

ही रीत १९७७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी शोधली, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. त्यांच्या आधी १९७३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यातील क्लिफर्ड कॉक्स ह्या तरुणाला ती सुचली होती. पण खाते पडले गुप्त, त्यामुळे ती गोष्ट १९९७ पर्यंत जगाला कळलीच नाही.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. मोठी संख्या फोडता येत नाही म्हणता, तर मग तीनशे आकडी संख्या मूळ आहे हे तरी कसे कळते? ती कशानेच भागली जात नाही हे पाहावयास भागाकारच करावे लागणार ना? लागत नाहीत, आणि हीच ह्या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्ट असे आम्हांस वाटते. फर्माच्या नियमाने परीक्षा घ्यावयाची. २ चा सातवा घात १२८. त्यातून २ वजा केले, १२६. त्याला ७ ने भाग जातो. ७ उत्तीर्ण. २ चा नववा घात ५१२. २ वजा केले, ५१०. ९ ने भागता बाकी ६. म्हणून ९ ही मूळ संख्या नव्हे. आपण ९ चा विभाजक ३ शोधला नाही, तरी ती फुटणारी आहे हे कळले. कोठे फुटते ते कळले नाही, पण फुटते हे कळले! ह्या परीक्षेत काही लबाड पास होतात. ३४१ ही संख्या ११ गुणिले ३१ असूनही २ च्या परीक्षेत मूळ म्हणून खपून जाते. म्हणून परीक्षा अधिक कडक करून अनेक वेळा घेतात. कधीच न फसणारी आणि तरीही झटपट अशी परीक्षा असू शकते हे मात्र २००२ च्या ऑगस्टात सिद्ध झाले, आणि ते आपल्या देशात. कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना हे त्यांचे दोन विद्यार्थी यांनी ते केले. व्यवहारात अजून जुन्याच परीक्षा वापरतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. पण सिद्धता ती सिद्धता.

मूळ संख्या संपून जातील ही भीती नको. त्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखविले, आणि तीनशे आठ आकडी प्रदेशातही सरासरीने सुमारे सातशे संख्यांमागे एक मूळ निघते. त्यांची ही वाटणी नेमकी कशी आहे ह्या प्रश्नाने एका मराठी माणसालाही झपाटले होते. गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण पोटापाण्याचा त्यांचा धंदा गणिताचा. फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणितच केले. मूळ संख्यांविषयीच्या रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाला त्यांनी १९५९ मध्ये संभवशास्त्राच्या वाटेने हात घातला, आणि तो लेख कोठे छापला? शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही, आणि कूटप्रश्न अजून तसाच आहे. कोसंबी १९६६ मध्ये वारले. त्यानंतर अकराच वर्षांनी मूळ संख्या बाजारात उतरल्या, आणि शेतीच्या कागदापर्यंत पोहोचावयास त्यांना आणखी चार दशके लागली.

आता कुलुपाच्या कच्च्या जागा. आमच्या ८६३३ कडेच पुन्हा पाहा. चोवीस भागाकार करण्याऐवजी एखादा हुशार मुलगा म्हणेल, ९३ चा वर्ग ८६४९. त्यातून ८६३३ वजा जाता उरले १६, म्हणजे ४ चा वर्ग. मग उत्तर ९३ वजा ४ आणि ९३ अधिक ४, म्हणजे ८९ आणि ९७. झाले! दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घेतल्या की कुलूप असे टिचकीने उघडते. दुसरी कच्ची जागा ह्याहून लाजिरवाणी आहे. एका कारखान्याने ८९ आणि ९७ घेतले, दुसऱ्याने आळसाने ८९ आणि ८३, गुणाकार ७३८७. दोन्ही गुणाकार जाहीर आहेत. शाळकरी मसावि काढा. ८६३३ मधून ७३८७ गेले, १२४६. त्याने ७३८७ ला भागले, बाकी ११५७. त्याने १२४६ ला, बाकी ८९. आणि ८९ ने ११५७ ला नेमका भाग जातो. एकही संख्या न फोडता दोन्ही कुलुपे उघडली. ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. २०१२ मध्ये संशोधकांनी जगभरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले, तेव्हा हजारोंच्या मूळ संख्या सामाईक निघाल्या. यंत्राने मूळ संख्या निवडताना पुरेसे आंधळेपण पाळले नाही, एवढाच दोष. मसावि हा निरुपयोगी धडा आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे जरूर सांगावे.

पण चोर बहुधा कुलुपाच्या वाटेला जातच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, आणि त्यांतील काही रक्कम आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी अकरा जणांना शिक्षा ठोठावल्या. तेथे कोणी सहाशे आकडी संख्या फोडली नव्हती. पैसे द्यावे की नाही हा प्रश्न एटीएमकडून बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जावयाचा, तो चोरांनी मधल्या मध्ये आपल्या बनावट यंत्रणेकडे वळविला, आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'द्या' म्हणत राहिली. दरवाजाला उत्तम कुलूप, आणि भिंतीला खिंडार.

सातबाऱ्याचेही असेच जाणावे. तलाठ्याची गुप्त किल्ली एका बोटाएवढ्या टोकनात असते. ते टोकन टेबलाच्या खणात आणि त्याचा पासवर्ड खणाच्या आत चिकटविलेल्या चिठ्ठीवर असेल, तर मूळ संख्या काय करणार? दुसरे असे, की सही एवढेच सांगते की हा मजकूर ह्या किल्लीने मंजूर झाला आणि त्यानंतर बदलला नाही. मुळातली वारसनोंदच खोटी असेल तर खोट्यावर अस्सल सही बसेल. त्यासाठी फेरफाराची नोटीस वाचणे आणि मुदतीत हरकत घेणे ही जुनीच कामे आहेत. ती गणिताने कमी केलेली नाहीत. तिसरी गोष्ट व्यवहारात सर्वांत महत्त्वाची. ही सही संगणकातल्या फाईलमध्ये असते, छापील कागदावर नसते. प्रिंट काढली की कागदावर उतरते ते सहीचे चित्र. मूळ संख्या कागदावर उतरत नाहीत. कोणी तुमच्यापुढे प्लॉट विकताना छापील उतारा ठेवला आणि 'डिजिटल सहीचा आहे' असे ठासून सांगितले, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहावा, किंवा आपल्या हाताने पंधरा रुपये भरून नवा उतारा काढावा. उलट, फाईल उघडताना सहीवर प्रश्नचिन्ह दिसले म्हणून लगेच घाबरावयाचेही कारण नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच, की वाचणाऱ्या संगणकाला भारत सरकारच्या प्रमाणन यंत्रणेची ओळख करून दिलेली नाही.

एक प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. मोठी संख्या फोडणे अवघड आहे, हे सिद्ध झाले आहे काय? झालेले नाही. कोणाला सोपी रीत सापडलेली नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. कोट्यवधी रुपये आणि लाखो हेक्टर जमीन यांचे कागद एका अज्ञानावर उभे आहेत, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल. आणि अज्ञान ओसरत असते. १९७७ मध्ये आरएसएच्या जनकांनी मार्टिन गार्डनरच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मधील सदरातून एक १२९ आकडी संख्या जाहीर केली आणि ती फोडणाऱ्यास शंभर डॉलर लावले. तिला कोट्यवधी वर्षे लागतील असा त्या वेळचा हिशेब होता. १९९४ च्या एप्रिलात सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून ती फोडली. रीती सुधारल्या, यंत्रे सुधारली. २०२० च्या फेब्रुवारीत २५० आकडी संख्या फुटली. तेवढे काम एकाच संगणकाच्या एकाच गाभ्यावर सोपविले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. २५० पासून ६१७ पर्यंतचे अंतर आकड्यांत लहान दिसते, कष्टांत मात्र ते प्रचंड आहे. आजच्या यंत्रांना तिकडे वाट नाही.

उद्याच्या यंत्रांना असू शकेल. ज्या वर्षी ती १२९ आकडी संख्या फुटली त्याच वर्षी, १९९४ मध्ये, पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने दाखविले की अणुरेणूंच्या नियमांवर चालणारा क्वांटम संगणक पुरेसा मोठा बांधता आला, तर तो असल्या संख्या झपाट्याने फोडील. तेवढा मोठा अजून कोणी बांधलेला नाही. पण प्रयत्न जगभर चालू आहेत, आणि आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी सहा हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. आज चोरून ठेवलेले बंद पत्र उद्या उघडता येईल हा त्यातला खरा घोर आहे. दहा वर्षांनी उघडले गेलेले वीस रुपयांचे देणे कोणाला नको आहे. पण एखाद्याच्या आजाराचे कागद किंवा राज्याची गुपिते दहा वर्षांनीही शिळी होत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या प्रमाण-मापन संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या जातीच्या कुलुपांची प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांत संख्या फोडण्याच्या अवघडपणावर भिस्त ठेवलेली नाही. अनेक मितींच्या जाळीत अमुक बिंदूच्या जवळचा बिंदू शोधणे अवघड आहे, असे त्यांतील मुख्य रीतींचे तत्त्व आहे.

मग मूळ संख्यांना रजा मिळाली काय? तसेही नाही. ह्या नव्या प्रमाणांपैकी किल्ली ठरविण्याच्या रीतीत सर्व हिशेब एका ठरीव संख्येने भागून बाकी ठेवीत करतात. ती संख्या गुप्त नाही, ६१७ आकडीही नाही. ती आहे ३३२९, आणि ती मूळ आहे. आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ५८ चा वर्ग ३३६४, म्हणून ५८ च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे; त्या अवघ्या सोळा आहेत. १३ ने भागताना एक उरतो आणि ३७ ने भागताना एक कमी पडतो, तेवढ्या दोन ठिकाणी हिशेब जपून करावा.